तिनाचे चार

त्या दिवशी आभाळ खाली उतरल्यासारखं होतं. पौष महिना. थंडी होती, पण कोरडी नव्हती. सकाळी धुई पडली ती दहा वाजले तरी उठली नाही. वारा नाही, ऊन नाही. दोरीवरचे कपडे कालचे तसेच ओले. असल्या दिवशी भट्टीतून काढलेली कळी, म्हणजे चुन्याचे भाजलेले खडे, उघडी ठेवता येत नाही. ती हवेतलाच ओलावा ओढते, तडकते आणि बसल्या जागी तिचं पीठ होतं. म्हणून आम्ही ढिगावर ताडपत्री टाकली होती. छपरीत चाळीस ड्रम झाकणं लावून ओळीनं उभे होते.

“हे कोणी लिहिलं, काकाजी?”

चंद्रकला पहिल्या ड्रमापाशी उभी होती. अंगावर शाल, डोळ्यांवर चष्मा. चष्म्यावर धुई बसली होती, ती पदरानं पुसत होती.

मी ब्रश रॉकेलच्या डब्यात बुडवून ठेवला.

“कोण लिहील? मीच.”

“चाळीसही?”

“चाळीसही. एकाले बी कोणाचा हात लागू देला नाही.”

ती पहिल्या ड्रमाकडे पाहत राहिली… मग दुसऱ्याकडे गेली. मग तिसऱ्याकडे.

मी वाट पाहत होतो. ती शाबास म्हणेल असं मला वाटत होतं. खोटं कशाला बोलू?

चंद्रकला माझी शेजारीण. तिचं घर आणि माझं घर, मधे एक भिंत. चौतीस वर्षं तिनं तालुक्याच्या शाळेत रसायन शिकवलं. आता घरी असते. मी तिच्यापेक्षा बारा वर्षांनी मोठा. एरवी मी तिला चंद्रकला म्हणतो. शिकताना मॅडम म्हणतो.

शिकायचं कारण असं झालं.

तालुक्यात एक जुनी पायविहीर आहे. तिचे दगड सुटले होते. सरकारनं ती नीट करायला काढली. साहेब म्हणाले, सिमेंट चालणार नाही, जुन्यासारखा चुनाच पाहिजे. चुना भाजणारी भट्टी आमच्याकडे एकच उरली आहे आणि त्या भट्टीवर मी पन्नास वर्षं आहे.

साहेबांनी अट घातली. ड्रमावर आत काय आहे ते सूत्रात लिहिलेलं पाहिजे. आणि खाली, जो माणूस त्याची खात्री देतो त्याचं नाव.

मालक म्हणाले, “छापील चिठ्ठ्या चिकटवून टाकू.”

मी म्हणालो, “मी लिहितो.”

सगळे हसले. उरकुडा सर्वांत जास्त हसला. उरकुडा भट्टीत कोळसा भरतो, माझ्याच वयाचा आहे, आणि त्याचं तोंड त्याच्या फावड्यापेक्षा जास्त चालतं.

“लटारीजी, तुमची तर सही बी अंगठ्याची होती ना बाप्पा?”

“होती. आता नाही.”

अक्षरं मी उशिरा शिकलो. एसटीच्या पाट्या वाचून वाचून शिकलो. पण सूत्र म्हणजे काय ते मला ठाऊक नव्हतं. तरी बोलून बसलो होतो. सगळ्यांसमोर.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “लिहा. पण मी तपासणार. चूक निघाली तर गाडी परत. मग छापील चिठ्ठी, आणि नाव मालकांचं.”

त्या दिवसापासून रोज सकाळी मी चंद्रकलेच्या ओट्यावर जाऊन बसू लागलो. चार महिने बसलो.

तिनं मला पुस्तक दिलं नाही. चुनखडीचे पांढरे खडे दिले, कोळशाचे तुकडे दिले, चिंचोके दिले.

“प्रत्येकाला हात आहेत असं समजा, काकाजी. कॅल्शियमला दोन. ऑक्सिजनला दोन. हायड्रोजनला एक.”

“एकच? थोटा हाय का?”

“थोटा नाही. त्याचं एका हातानं भागतं.”

“मग?”

“मग हातात हात द्यायचा. कोणाचाच हात मोकळा राहिला नाही, की झालं.”

मला ते लवकर जमलं. पाणी म्हणजे दोन कडेवर दोन लेकरं घेतलेली बाई. मीठ म्हणजे नवरा-बायको, त्याला एक हात, तिला एक हात. असं मी मनात चित्र काढायचो आणि पाटीवर सूत्र लिहायचो. मोठा सी, त्याला लागून बारका ए, हे कॅल्शियमचं नाव. नुसता गोल ओ, हे ऑक्सिजनचं.

दोन महिन्यांत मी खायचा सोडा सोडून सगळं लिहू लागलो होतो. भट्टीवर गेलो की उरकुड्याला धरायचो.

“सांग, तुह्या तोंडातल्या पाण्याचं सूत्र काय?”

“माह्या तोंडात तंबाखू हाय जी. तंबाखूचं सांगा.”

तंबाखूचं मला येत नव्हतं. मी विषय बदलायचो.

चौथ्या महिन्यात चंद्रकला म्हणाली, “आता पुढचा धडा जोड्यांचा. काही जण जोडीनंच फिरतात, सुटत नाहीत. चुन्यासाठी तो लागेल.”

मी हात वर केला.

“मॅडम, बाकी सगळं तू शिकव. चुना मले शिकवू नको.”

“शिकवत नाही. फक्त—”

“चुन्याचं सूत्र मी माह्या डोक्यानं लिहीन. तुले इचारणार नाही. लिहून झालं की दाखवीन.”

ती म्हणाली, “बरं.”

तिनं पुढं काहीच विचारलं नाही. मीही ओट्यावर जायचं बंद केलं. आता काय शिकायचं राहिलं, असं मला वाटलं.

तर असे ते चाळीस ड्रम. पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळ्यांवर एकच. मोठा सी, बारका ए, गोल ओ. अक्षरं सरळ आली होती. रंग ओघळला नव्हता. खाली माझं नाव. लटारी भोयर.

चंद्रकला ओळीच्या टोकापर्यंत गेली आणि परत आली.

“आत काय आहे?”

“चुना. दुसरं काय राहीन?”

“कळी की भुकटी?”

“भुकटी. साहेबाले कळी नको होती. पाणी टाकून, फोडून, चाळून भरली. हात लाव, रेशीम आहे.”

“आणि ती कळी?” तिनं ताडपत्रीखालच्या ढिगाकडे बोट केलं. “तिच्यावर काय लिहाल?”

“हेच.”

“दोन्हीवर एकच?”

“चुना तो चुना. दगड होता तवा कळी, फुटला तवा भुकटी. तांदूळ दळला त जात बदलते का?”

उरकुडा मागून म्हणाला, “बराबर हाय.”

चंद्रकलेनं एका ड्रमाचं झाकण उघडलं. हात घातला. मूठभर भुकटी वर काढली आणि तळव्यावर पसरली.

“कोरडी आहे,” ती म्हणाली.

“ठणठणीत.”

“हिच्यात पाणी आहे, काकाजी.”

मी हसलो. उरकुडाही हसला.

“मॅडम, ते पाणी आम्हीच टाकलं. अन् गेलं ते बी आम्हीच पाहिलं. वाफ कशी निघते माहीत हाय ना? मानूस दिसत नाही वाफेत. पाणी टाकलं, पाणी गेलं. राहिला चुना.”

“सगळं गेलं?”

“सगळं. नाही त कोरडी झाली असती का?”

“कोरडी आहे,” ती पुन्हा म्हणाली, “आणि पाणी आहे.”

आता मला राग आला. मला राग लवकर येत नाही. पण उरकुडा उभा होता, मालकाचा मुनीम उभा होता, चार गाडीवाले उभे होते. सगळे ऐकत होते.

“तू पुस्तकात पाहिलं,” मी म्हणालो. “मी भट्टीत पाहिलं. पन्नास वर्षं. माह्या भुवया दोनदा जळल्या, तवा कुठं मले समजलं चुना काय असते ते.”



ती गप्प राहिली म्हणून मला आणखी जोर आला. माणसाचं असंच होतं.

“अन् तू मले चुना शिकवते? कोणाच्या भरोशावर शिकली तू? आठव जरा. तुह्या मायले चौथा वाटा मीच देत होतो.”

उरकुड्याचं हसू थांबलं.

ही गोष्ट सांगायला पाहिजे, म्हणून सांगतो.

चंद्रकलेची आई बनाबाई. ती भट्टीवर पाणी भरायची. नाला अर्धा कोस लांब. डोक्यावर पाण्याचे दोन गुंड, कमरेवर एक. पाय कायम पांढरे. गावात घरं पोतायला चुना लागायचा, तेवढी कळी आम्ही भट्टीवरच फोडायचो. बनाबाई पाणी टाकायची, मी फावड्यानं हलवायचो.

आणि आमच्याकडे एक रीत होती. तीन मण कळी फोडली, की भुकटी चार मण भरायची. तराजूवर भरायची, डोळ्यांना दिसायचं. तिनाचे चार. तीन मण भट्टीचे. चौथा मण पाणीवालीचा.

माझ्या बापाच्या वेळेपासून होतं. त्याच्याही आधीपासून असेल. का, ते कोणी सांगितलं नव्हतं. मी समजायचो, वाढावा आहे, भट्टीची बरकत आहे, गरीब बाईला देऊन टाकतात. पुण्य लागतं.

बनाबाई दिवाळीला तो चुना टोपल्यात घेऊन गावोगाव विकायची. त्याच्यावर चंद्रकलेची शाळा झाली. तालुक्याची झाली, मग नागपूरची झाली. बनाबाई गेली त्याला आता एकवीस वर्षं झाली.

ते सगळं मला अभिमानाचं होतं. मी लोकांना सांगायचो. लग्नात, पंगतीत. ही मॅडम आमच्या भट्टीच्या चुन्यावर झाली बरं. मी तिच्या मायच्या पदरात टाकायचो.

पण तिच्या तोंडावर, चार माणसांत, असं कधी म्हणालो नव्हतो.

चंद्रकलेनं तळव्यावरची भुकटी हळूच ड्रमात सोडली. झाकण लावलं. दोन्ही हात एकमेकांवर झाडले.



“तराजू आहे?” ती म्हणाली.

“आहे.”

“तीन किलो कळी काढा. चांगली भाजलेली.”

“कायले?”

“काढा तर.”

टांगता तराजू होता, दोन मोठ्या पारड्यांचा. मी तीन किलोचं वजन टाकलं. ताडपत्री उचलून खडे निवडले. हलके, वाजवले की ठणकणारे. पारडं बरोबर झालं.

“घमेल्यात टाका.”

टाकले.

“पाणी किती लागेल?”

“दोन लोटे.” आमचे दोन पितळी लोटे होते प्यायच्या पाण्याचे. लिटर-लिटरचे, एकाच वेळी घेतलेले, वजनानंही सारखे.

“तुम्हीच ओता. नेहमी ओतता तसं.”

“मी नाही ओतत. मी हलवतो. ओतते ती…”



चंद्रकलेनं लोटा उचलला. धार बारीक पाहिजे, फिरती पाहिजे, एका जागी पडायला नको. तिला ते येत होतं. मी फावडी घेतली आणि हलवू लागलो.

आधी काही होत नाही. खडे पाणी पितात आणि गप्प बसतात. मग एखादा तडकतो. मग दुसरा. मग सगळे एकदम फुसफुसतात, फुगतात, आणि वाफ अशी उठते की समोरचा दिसत नाही.

धुई आणि वाफ एक झाली. तिच्यात चंद्रकला उभी होती. पांढरी शाल, हातात लोटा. मला एक क्षण दुसरंच कोणी दिसलं.

“पाहा!” मी म्हणालो. “चाललं का नाही पाणी?”

“चाललंय,” ती वाफेतून म्हणाली.

अर्धा तास गेला. भुकटी निवली. मी हात फिरवला. ओल कुठं नाही.

“ठेवा पारड्यात.”

एक कण सांडू न देता मी घमेलं पारड्यात उलटं केलं. हातानं झाडलं. दुसऱ्या पारड्यात तीन किलोचं वजन होतंच.

भुकटीचं पारडं धप्पकन खाली गेलं.

“ते त जाईनच,” मी म्हणालो. “तिनाचे चार होतेत. मले माहीत हाय.”

तिनं एक रिकामा लोटा घेतला आणि भुकटीच्या पारड्यात ठेवला.

ते आणखी खाली गेलं.

मग तिनं दुसरा लोटा माठात बुडवला. काठोकाठ भरला. दोन्ही हातांनी धरून आणला आणि वजनाच्या पारड्यात, तीन किलोच्या शेजारी, ठेवला.

हात काढून घेतला.

पारडी हलली. वर गेली, खाली आली. उरकुडा टाचा उचलून पाहत होता. मीही.

काटा मधे आला. अगदी मधे नाही. पाण्याकडे सूतभर झुकला.

“थोडे खडे कच्चे असतात,” ती म्हणाली.

“हो,” मी म्हणालो. “असतेत.”

इकडे कोरडी भुकटी. तिकडे तीन किलो लोखंड, आणि एक लोटा पाणी.

मी पाहत राहिलो…

“दोन ओतले होते,” ती म्हणाली.

मी मान हलवली.

“एक गेला. तो तुम्ही पाहिला.”

“पाहिला.”

उरकुडा पुढं आला. लोट्यात वाकून पाहिलं, मग भुकटीत पाहिलं.

“अन् दुसरा?”



मी भुकटीत हात घातला. मनगटापर्यंत. पन्नास वर्षं घातला होता तसाच. तशीच कोरडी होती, तशीच ऊबदार. पण आता मला तिचा भार लागला. इतकी वर्षं तो भार मी फावड्यावर उचलला, खांद्यावर उचलला, तराजूवर पाहिला. तिनाचे चार. तोंडानं म्हटलं. बापानं म्हटलं म्हणून म्हटलं.

चौथा मण कुठून आला, हे मी कधीच विचारलं नाही. ज्यानं रीत घातली त्याला ठाऊक होतं. जिचा माल तिला दिला, एवढंच त्यानं केलं होतं. त्यात पुण्य कुठलं?

“चंद्रकला…”

“हं.”

“तुह्या मायले मी… देत नव्हतो.”

ती लोट्यातलं पाणी माठात परत ओतत होती. पाठमोरी होती.

“गाडी किती वाजता येते, काकाजी?”

“चारले.”

“आणि आता?”

“साडेबारा झाले असतीन.”

“मग बसू नका.”

मी जमिनीवर बसलो. बसू नका म्हणाली तरी बसलो. बोटानं मातीत लिहू लागलो.

कळी म्हणजे कॅल्शियम आणि ऑक्सिजन, दोघंच. पाणी म्हणजे एक ऑक्सिजन, दोन हायड्रोजन. एक लोटा आत राहिला. म्हणजे आता आत सगळे किती? कॅल्शियम एकच. ऑक्सिजन दोन. हायड्रोजन दोन.

“दे त चिंचोके,” मी म्हणालो.

तिच्याजवळ चिंचोके नव्हते. उरकुड्यानं कोळशाचे तुकडे दिले.

पांढरा खडा मधे ठेवला. त्याचे दोन हात. दोन ऑक्सिजन दोन बाजूंनी धरले. पण ऑक्सिजनचे प्रत्येकी दोन हात, एकेक मोकळा राहिला. त्या मोकळ्या हातात एकेक हायड्रोजन दिला.

कोणाचाच हात मोकळा राहिला नाही.

मी मातीत लांबच लांब लिहिलं. आधी कॅल्शियम. मग ओ, मग एच. मग पुन्हा ओ, पुन्हा एच.

मान वर केली.

चंद्रकला माझ्यासमोर उकिडवी बसली होती. चष्मा काढलेला. तिनं ते वाचलं. पुन्हा वाचलं.

“हे मी शिकवलं नव्हतं,” ती म्हणाली.

“चूक हाय का?”

“बरोबर आहे. लांब आहे.”

“मग?”

“ओ आणि एच दोनदा आलेत. एकच जोडी दोनदा. एकदाच लिहा. भोवती कंस घाला, म्हणजे जोडी सुटायची नाही. आणि किती जोड्या, ते कंसाबाहेर, खाली, बारीक.”

मी पुसलं. पुन्हा लिहिलं. मोठा सी, बारका ए. मग कंस, त्यात ओ आणि एच. कंस बंद. बाहेर पायाशी दोन.

“असं?”

“असं.”

मी उठलो. गुडघे वाजले. पण मला वाटलं, मी आज उंच झालो. चाळीस ड्रमावर चुकीचं लिहिलेलं होतं, सगळे पाहत होते, आणि तरी मला असं वाटलं. आधीही चार महिने अभिमान होता, पण तो उरकुड्याला दाखवायचा होता. हा कोणाला दाखवायचा नव्हता.

“उरकुडा, चिंधी आण. रॉकेल आण.”

“सगळे पुसता का जी?”

“सगळे.”

“आहो, त्या गोल ओच्या बाजूला जागा हाय, तिथंच घुसवा ना काय ते!”

“पूस म्हणलं ना.”

तो पुसू लागला आणि बडबडू लागला. “सकाळी लिवा, दुपारी पुसा. अशानं साळा शिकलो नाही तेच बरं झालं. मॅडम, मले बी एक सांगा ना. कोळशाचं काय लिवते?”

“नुसता सी,” चंद्रकला म्हणाली.

“नुसता?”

“नुसता.”

“एकच अक्षर? जिंदगी गेली माह्यी कोळसा भरण्यात, अन् एकच अक्षर?” तो थोडा वेळ चिंधी हातात धरून उभा राहिला. “पण मोठं राहते ना?”

“मोठं असतं.”

“मग ठीक हाय,” तो म्हणाला आणि जोरानं पुसू लागला.

मी पहिल्या ड्रमापासून सुरुवात केली. मोठा सी. बारका ए. कंस हाताला नवा होता. पहिल्या ड्रमाचा कंस विळ्यासारखा झाला. दुसऱ्याचा बरा. सहाव्यापासून जमला. चंद्रकला मागं मागं येत होती. ती रंगाचा डबा धरत होती, बाकी काही करत नव्हती. एकदाही तिनं हे असं करा म्हटलं नाही.

विसाव्या ड्रमाला मी म्हणालो, “मॅडम.”

“हं.”

“त्या दिवशी जोड्यांचा धडा मी ऐकला असता, त हे पुसा लागलं नसतं.”

“नसतं लागलं.”

“मग तू जबरदस्ती काहून नाही केली?”

तिनं डबा दुसऱ्या हातात घेतला.

“तुम्ही ऐकलं असतं, काकाजी. पाठ केलं असतं. लिहिलंही असतं.”

मी ब्रश बुडवला.

चाळिसावा ड्रम झाला तेव्हा धुई थोडी उचलली होती. छपरीच्या तोंडाशी पिवळं ऊन आलं. ओल्या रंगावर ते पडलं, आणि चाळीस कंस एका ओळीत चमकले. मी मागं सरून पाहिलं. साहेबानं तपासावं. हजार वेळा तपासावं.

खालची जागा कोरी होती. नाव राहिलं होतं.

रस्त्यावर गाडीचा भोंगा वाजला. उरकुडा ओरडला, “आली जी, आली! नाव टाका लवकर!”

मी ब्रश उचलला, पहिल्या ड्रमापाशी वाकलो, आणि हात थांबला. सकाळी हेच नाव चाळीस वेळा लिहिताना तो एकदाही थांबला नव्हता.

मी चंद्रकलेकडे पाहिलं.

“खाली तुह्या मायचं नाव लिहितो,” मी म्हणालो. “बनाबाई. तिचंच पाहिजे.”

ती ओल्या कंसाकडे पाहत होती. बोट जवळ नेलं, लावलं नाही. गाडी आत वळली, ड्रायव्हर खाली उतरला, तरी ती तशीच उभी होती. मग तिनं रंगाचा डबा माझ्यापुढं धरला.

“तुमचंच लिहा, काकाजी. उद्या कोणी विचारलं, तर सांगणारा जिवंत पाहिजे.”